माळगणचा मंगळवार

मंगळवारी पहाटे हरणाबाई शेटे आपल्या पायांत नवऱ्याच्या वहाणा घालायची.

नवरा, केरबा शेटे, जाऊन नऊ वर्षं झाली होती. वहाणा मात्र आत्ता चांभाराकडून आणल्यासारख्या. दर सोमवारी सांजच्याला ती त्यांना एरंडेल चोळून ठेवायची. केरबाचं पाऊल थोरलं, हिचं लहान. म्हणून टाचेशी चिंधी कोंबायची, घोट्याला सुतळी बांधायची आणि फटाक् फटाक् करत वेशीजवळच्या बाजारधोंड्यापाशी जाऊन उभी राहायची. धोंड्याला टाच लावायची आणि म्हणायची, "एक."

मग टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. दोन, तीन, चार. माळगणचा बाजार असा पावलांनी मांडायची रीत. बांगडीवालीला चार पावलं, दोरखंडवाल्याला नऊ, घोंगडीवाल्याला सहा, लोणंदचा कांदा घेऊन येणाऱ्याला बारा. मिरचीवाल्या बायका बेचाळिसाव्या पावलापासून पुढे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे बाजारभर शिंका नकोत. अशा एकशे बारा जागा. कागदावर कुठंही नाही. शेट्यांच्या घराकडं हे काम कधी आलं, कुणी दिलं, तेही कुणाला ठाऊक नाही. पेठ वसली तेव्हापासूनचं, एवढंच. नगरपालिकेचा ठेकेदार येऊन पावत्या फाडून जायचा. पण कोण कुठं बसायचं हे ठेकेदार सांगत नसे. ते वहाणा सांगत.

केरबा गेला तो शनिवारी. चौथ्या दिवशी मंगळवार आला. घरात दुखवट्याची माणसं बसलेली. उजाडताना कुणीतरी येऊन सांगितलं, वेशीत बाजारकरी थांबलेत, डोक्यावरची ओझी खाली ठेवत नाहीत. हरणाबाईनं दारातून पाहिलं. पाट्या, गाठोडी, खोकी, सगळी डोक्यावर. माना ताठ, तोंडं घामेजलेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. नुसती उभी. ती उठली, कोनाड्यातल्या वहाणा काढल्या, पायांत अडकवल्या आणि चालू लागली. सगळ्यात पुढं होती शमशाद मणेर, तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, डोक्यावर बांगड्यांची सहा खोकी.

"आक्का," ती म्हणाली, "मान मोडली. बसवा कुठंतरी."

"कुठंतरी कशाला? तुझ्या सासूच्या जागी बसवते. चल."

भाऊबंदांत त्यावरून लय बोलणं झालं. चार दिवसांची विधवा बाजारात नाचती म्हणून. पण दुसऱ्या मंगळवारी बोलणाऱ्यांच्याच बायका मिरच्या घ्यायला आल्या.

"आनि आक्का, त्यांच्या वहाणा कशाला? तुमच्या पावलानं मोजा की," शमशादनं एकदा विचारलं होतं.

"माझं पाऊल बोटभर आखूड हाय. कुनाला कमी जागा पडली तर ते वर बसून शिव्या घालतील."

"तुमाला का आमाला?"

"मला. तुमाला कवा शिवी दिली व्हती त्यांनी? सगळ्या माझ्यासाठी राखून ठिवल्या व्हत्या."

---

अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तोवर माळगण निराळं गाव झालं होतं. सकाळी पावणेसातची एसटी साताऱ्याला जायची आणि तिच्यामागं गाव पोकळ व्हायचं. कारखान्यातली, कचेरीतली, कोर्टातली, बँकेतली माणसं. काही स्टेशनवर जाऊन पॅसेंजर धरत. काही तर पार शिरवळच्या बाजूला नव्या शेडमध्ये कामाला. सगळ्यांच्या खिशात महिन्याचा पास, म्हणून त्यांचं नाव पडलं पासवाले. संध्याकाळी परत येताना त्यांच्या नायलॉनच्या पिशव्यांतून साताऱ्याच्या मंडईतला फ्लॉवर डोकावायचा.

"ही बघा, परगावची भाजी," हरणाबाई म्हणायची. "जसं काय आपल्या रानात भाजी उगवायची बंद झाली."

तिचा मुलगा सयाजीही पासवालाच. साताऱ्याच्या एका कारखान्यात फिटर. सून मनुबाई, तीन वर्षांची नात. सयाजीला रविवारची सुट्टी, आणि रविवारी माळगणात काय, तर कुत्री आणि धूळ.

फाल्गुनात एका दुपारी नगरपालिकेचे मेंबर नानासो घरी आले. उंबऱ्यातच टोपी काढून हातात घेतली, तेव्हाच हरणाबाईला कळलं की काहीतरी वाईट आणलंय.

"हरणाकाकी, चहा नको. एक विचारायचं हाय."

"विचारा की. मेंबरानं टोपी काढली म्हंजे इचारून झाल्यालं असतंय."

नानासो हसले, पण लगेच गंभीर झाले. "बाजार ऐतवारी करायचा म्हनतोय गाव. मंगळवारी गावात गिऱ्हाईकच ऱ्हात न्हाई. पन्नास वर्सांपूर्वीचं माळगण न्हाई आता हे. निम्मं गाव यष्टीत बसलेलं असतंय."

"ऐतवार सांगवडचा हाय."

"सांगवड सांगवडच्या जागी..."

"न्हाई, नानासो. बसा. ऐका." तिनं पदर खोचला. "माझ्या सासऱ्याच्या वक्ताला सांगवडनं आनि आपन एकाच वारी बाजार धरला व्हता. वरीसभर. बैलं अडवायची, पाट्या वढायच्या. एकाचं डोकं फुटलं, तो गेला. मग वढ्यावर दोन्ही गावं बसली. ऐतवार त्यांचा, मंगळवार आपला. नारळ फुटला. आनि ह्यांनी, ह्यांनी स्वता जाऊन परत तोच शब्द दिला. जवर आमचं पाऊल चालतंय तवर ऐतवारी मांडनार न्हाई म्हनून."

"काकी, केरबाकाका गेलं."

"पाऊल गेलं न्हाई." तिनं कोनाड्याकडं बोट केलं.

नानासोंनी वहाणांकडं पाहिलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "तीनशे सह्या हायत. मी आनलेलं खूळ न्हाई हे." मग टोपी चाचपत म्हणाले, "पहिली सही सयाजीची हाय. दुसऱ्याकडनं कळन्यापरास..."

सयाजी संध्याकाळी आला तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. भाकरी तव्यावर करपत होती आणि ती उलटत नव्हती. मनुबाई मुकाट्यानं पुढं झाली आणि तिनं उलटली.

"पहिली सही तुझी?"

सयाजीनं डबा खाली ठेवला. "कुनीतरी पहिली करायचीच व्हती."

"मग दुसरी करायची. शंभरावी करायची. पाक तळाला करायची, कागद फाटल तिथं."

"आई..."

"बापाची वहाण अजून उंबऱ्याच्या आत हाय, आनि ल्योक भाईर सह्या करत फिरतोय."

सयाजी खाली बसला. कामावरचे काळे हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले. "मी बाजार शेवटचा कवा बघितला ठावं हाय? चार वर्सं झाली. मंगळवारी तू मोजत असतीस आनि मी यष्टीच्या खिडकीतनं बघतो. वळनावर दिसतीस, मग पिंपळाच्या आड जातीस. मला आबानं खांद्यावर घेऊन फिरवलं. रेवड्या दिल्या, दोरखंडवाल्या गुंडाकडनं झोपाळा बांधून घेतला. माझ्या पोरीला मी न्हाई फिरवलं एकदाबी. मलाबी बाजार पायजे, आई. म्हनून केली सही."

हरणाबाईनं करपलेली भाकरी टोपल्यात काढली. ती एवढंच म्हणाली, "मला इचारायचं तरी."

"तू हो म्हनली असतीस?"

मनुबाईनं तिघांची ताटं केली. एकमेकांकडं न बघता सगळी जेवली.

---

पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाजार भरला. पालिकेनं मैदानात ऑइलपेंटनं चौकोन आखले, चौकोनांत नंबर टाकले. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या. हरणाबाई घराबाहेर पडली नाही. दार लावून तिनं दोन पायल्या गहू निवडले.

आणि मंगळवारी पहाटे वहाणा घालून धोंड्यापाशी गेली.

पिवळ्या चौकोनांवरून चालताना तिनं नंबरांकडं पाहिलं नाही. टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. वेशीत चौतीस जण उभे होते. पुढच्या मंगळवारी एकवीस. त्यापुढच्याला अकरा. ते अकरा मात्र नंतर हललेच नाहीत. शमशाद मणेर, दोरखंडवाला गुंडा, जतकडून घोंगडी आणणारा म्हातारा बिराप्पा, आणि बाकीचे. सांगलीची हळद विकणाराही त्यांत होता. मोकळ्या मैदानात अकरा दुकानं म्हणजे जेवणावळीत पंगत उठल्यावर मागं राहिलेल्या अकरा पत्रावळी. पण हरणाबाई प्रत्येकाला त्याच्या मूळच्या जागीच बसवायची. गुंडा आणि शमशाद यांच्यामध्ये साठ पावलं रिकामी. हाका मारून बोलायचं.

"आक्का, जरा जवळ बसवा की मला," गुंडा ओरडायचा. "बोलून बोलून घसा बसला."

"तुझी जागा तीच. आज तुला हलवला आनि उद्या तुझा शेजारी आला तर?"

"कुठनं येतोय?"

"आला तर!"

संध्याकाळी ती सयाजीला ऐकवायची. "अकरा का हुईना, बाजार भरला. शमशादची काकनं खपली. घोंगडी गेली बिराप्पाची."

सयाजी मान हलवायचा. त्याला सांगवडच्या एका कामगाराकडून त्या अकरा जणांच्या मालाबद्दल काही कळलं होतं. पण तो सांगत नव्हता.

वैशाखातला एक मंगळवार. ऊन असं की पिंपळाची सावलीसुद्धा बुंध्याला चिकटून बसलेली. दुपारी मैदानाच्या टोकाला वावटळ उठली, धुळीचा खांब फिरत फिरत बाजारात शिरला. हरणाबाईनं डोळ्यांवर पदर धरला. पदर काढला तेव्हा शमशादची खोकी मैदानभर गडगडत होती. पाच खोकी. झाकणं उडाली होती. ती नुसती खोकी होती. आत एक बांगडी नव्हती, एक काच फुटल्याचा आवाज आला नव्हता. सहावं तेवढं शमशादच्या मांडीखाली, त्यातल्या माळा समोर मांडलेल्या.

हरणाबाईनं बिराप्पाकडं पाहिलं. त्याच्या ढिगातल्या वरच्या दोन घोंगड्या वाऱ्यानं उलटल्या होत्या. खाली पोती होती, पेंढा भरलेली. बिराप्पा घाईघाईनं घोंगडी ओढत होता, झोपेत उघडं पडलेलं पोर झाकावं तसा. गुंडानं आपल्या दोरखंडाकडं पाठ केली. हळदवाला आकाशाकडं बघत राहिला.

शमशाद उठली, एक एक खोकं गोळा करून आणलं, झाकणं लावली आणि पुन्हा एकावर एक रचली. रचून झाल्यावर मागं सरकून पाहिलंसुद्धा, नीट दिसतंय का ते.

हरणाबाई तिच्यापुढं येऊन बसली.

"माल कुठाय?"

"घरी हाय."

"का?"

"आक्का, एवढं वझं कशाला वाहायचं? गिऱ्हाईक दोन येतंय. त्यातली एक सून तुमची."

"मनू?"

"दर मंगळवारी दोन काकनं घेती. फुटली म्हनती. आता एवढी काकनं फोडनारी बाई नांदवायची कशी, ते तुमी बघा."

शमशाद हसली. हरणाबाई हसली नाही. गेल्या दीड महिन्यात मनुबाईच्या हातांकडं आपण एकदा तरी पाहिलं होतं का, हेच ती आठवत होती.

"रिकामी खोकी घेऊन यष्टीत बसतीस?"

"कंडक्टर दर खेपंला म्हनतो, मणेरनी, बिन मालाची कुनाच्या लग्नाला चाललीस? म्या म्हनते, तुझ्या. लय लाजतो."

"शमशाद."

शमशाद समोरच्या माळेतल्या हिरव्या बांगड्या उगाच वेगळ्या करत हळू म्हणाली, "तुमी पहाटे वहाणा घालून हुबं ऱ्हानार. आमी कुनीच न्हाई आलो तर तुमी कुनाला जागा दावायची? बिराप्पा म्हनला, आपन बसू. पावसापातूर बसू. मग काय ते बघू."

"आनि मंगळवारी दुसऱ्या गावी बसला असता त्ये?"

शमशादनं हिरव्या बांगड्या पुन्हा माळेत सरकवल्या.

---

पुढच्या सोमवारी हरणाबाईनं सांजच्याला वहाणांना एरंडेल लावलं. मंगळवारी पहाटे उठली, अंघोळ केली, कोनाड्यासमोर उभी राहिली आणि तशीच माघारी येऊन चुलीपाशी बसली.

उजाडलं. पावणेसातची एसटी फाट्यावर भोंगा देऊन गेली. मनुबाई पाणी आणायला गेली होती ती घागर घेऊन धावत आली.

"आत्याबाई, वेशीत माणसं हुबी हायती. डोक्यावरचं खाली ठिवीनात."

हरणाबाई उठली. अनवाणीच निघाली. अकरा जण रांगेनं उभे होते, अगदी तसेच. माना ताठ, तोंडं घामेजलेली. फक्त नऊ वर्षांपूर्वीच्या त्या ओझ्यांना वजन होतं.

ती बाजारधोंड्यापुढं येऊन थांबली. त्यांची नजर तिच्या पायांवर गेली.

"आक्का, वहाणा?" गुंडानं विचारलं.

"डोक्यावरलं खाली ठिवू नका. आज बाजार न्हाई."

"मग पुढच्या..."

"पुढच्या मंगळवारीबी न्हाई. हितनं पुढं न्हाई. मागं फिरा." तिनं आवाज चढवला. "ऐकू आलं न्हाई व्हय रं? आरं, पेंढ्याची पोती घेऊन तुमी माझ्यापुढं बाजार खेळता, आनि म्या खुळी घरात जाऊन पोराला सांगते, बाजार भरला! हसला असंल त्यो पोटात."

"हसलं न्हाई कुनी," बिराप्पा म्हणाला. त्याचं मराठी कानडी हेलाचं, प्रत्येक शब्दाशी थांबणारं. "आक्का, तीस वरीस म्या तुमच्याकडं सहा पाऊल बसलो. दुसरीकडं गेलो की म्हनत्यात, म्हातारा, सरक. हितं कोन सरक म्हनत न्हाई."

हरणाबाईला वाटलं, ह्याला एकट्याला तरी बसवावं. सहा पावलं. तिचे पाय हललेसुद्धा. मग ती शमशादकडं वळली.

"तू सांगवडला जा. ऐतवारी. तिथं तुजं गिऱ्हाईक हाय."

"आनि हितला ऐतवार?"

"हितला ऐतवार माझा न्हाई. मी कुनाला जा म्हननार न्हाई, येऊ नको म्हननार न्हाई."

शमशादनं डोक्यावरची खोकी सावरली. ती पाठमोरी झाली तेव्हा सगळ्यात वरचं खोकं वाऱ्यानं हललं. तिनं हात लावून धरलं, जसं काही आत काच होती.

---

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सयाजी मैदानातून धावत घरी आला. खांद्यावर मुलगी, तिच्या हातात रेवड्यांचा पुडा.

"आई, जरा चल. दोघं अंगावर धावून गेल्यात एकमेकांच्या. गुरांनी तुडवून नंबर पुसल्यात. साताऱ्याचा एक काकनवाला म्हनतो चौदा माझा, भांडीवाला म्हनतो माझा. नानासो म्हनले, हरणाकाकीला आना, ती सांगल त्ये ऐकत्यात."

"काकनवाला कोन?"

"हाय कुनीतरी. प्लास्टिकच्या काकनांचा."

"त्याची जागा मी दिली न्हाई. मी कशी सांगू?"

"आई, माणसं मारामारीवर आल्यात!"

"मारामारीच व्हनार व्हती. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला झाली, तवाच नारळ फुटला."

सयाजीनं मुलीला मनुबाईकडं दिलं. कोनाड्याकडं गेला, वहाणा काढल्या आणि पायांत घातल्या. चिंधी नको, सुतळी नको. टाच टाचेवर, अंगठा अंगठ्यात, जणू त्याच्याच मापाच्या.

हरणाबाई बघत राहिली. दाराशी केरबा उभा होता. तीच पोटरी, तोच उजव्या पायावर जास्त भार. तिच्या मनात आलं, जाऊ दे, एकदा चालू दे ते पाऊल. कुणाला काय कळणार आहे सांगवडात? शमशाद तिथं बसलीय, तिला तरी कळेल. शब्द मोडला म्हणायला तेवढं पुरे होतं.

"काढ त्या."

"आई, मी फक्त..."

"सयाजी, काढ. ऐतवार हाय आज."

त्यानं काढल्या. एकेक करून कोनाड्यात ठेवल्या, टाचा भिंतीकडं, आबा ठेवायचा तशा. मग आपले कारखान्याचे बूट चढवून गेला. तासाभरानं परत आला तेव्हा सदऱ्याची बाही उसवली होती. मनुबाईनं सुई-दोरा काढला. हरणाबाईनं तिच्या हातातून घेतला आणि स्वतः शिवायला बसली.

"मिटलं का?" तिनं विचारलं.

"मिटलं न्हाई. दमली दोघंबी."

टाके घालताना तिनं मान वर केली नाही. "पोरीला फिरवलीस?"

"फिरवली."

"झोपाळा घेतला?"

"गुंडा आला न्हाई ना."

तिनं दोरा दातांनी तोडला.

मंगळवारी पहाटे मैदानात कुणी नव्हतं. हरणाबाईनं चिंधी कोंबली, सुतळी बांधली, धोंड्याला टाच लावली. "एक." बांगडीची चार. घोंगडीची सहा. रिकाम्या जागांवरून, पुसलेल्या पिवळ्या रेघांवरून टाचेला अंगठा लावत ती चालली. मिरचीवाल्यांच्या बेचाळिसाव्या पावलाशी आली आणि पावणेसातची एसटी वळणावर आली. खिडकीशी सयाजी होता. त्यानं हात वर केला नाही, नुसता काचेला लावला. एसटी पिंपळाआड गेली.

हरणाबाईनं पुढचं पाऊल उचललं आणि आकडा तोंडातच राहिला. बेचाळीस झालं होतं की त्रेचाळीस? नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती क्षणभर तशीच एका पायावर उभी राहिली. मग मागं वळली, फटाक् फटाक् करत पुन्हा वेशीपाशी गेली, आणि धोंड्याला टाच लावली.

"एक."